चाळीस डोळ्यांचा सौदा

आषाढ सरत आला की पेणच्या हवेला तेलरंगाचा वास येऊ लागतो. रामवाडीत आमच्या घराची खिडकी उघडली की आधी महामार्गाचा धूर आत येतो आणि त्याच्या मागोमाग हा वास. त्यात टर्पेंटाइन असतं, ओलं प्लास्टर असतं, कुठेतरी बल्बाखाली वाळत ठेवलेला शाडू असतो. या दिवसांत आमच्या तालुक्यात माणसांपेक्षा देव जास्त असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना अजून डोळे यायचे असतात. बिनडोळ्यांच्या देवांच्या रांगांमधून चालताना भाविक माणसाला काय वाटतं, ठाऊक नाही. मला मोकळं वाटतं. कोणी बघत नसतं.

त्या रांगांना डोळे देणाऱ्या माणसांपैकी एक माझी धाकटी बहीण, वंदना. पेणच्या मास्तरांची मुलगी हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यात सून म्हणून गेली तेव्हा आमच्या नातेवाइकांनी पुष्कळ तोंडं वाकडी केली. पुढे तेच नातेवाईक दर गणपतीला तिच्याकडून सवलतीत मूर्ती नेऊ लागले आणि तोंडं आपोआप सरळ झाली. तिथे ती आखणी शिकली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. माती कालवणारा बदलला तरी चालतं, रंगाचा फवारा मारणारा बदलला तरी चालतं. आखणीवाली बदलली की गिऱ्हाइकाला कळतं. देवाने समोरच्याकडे बघितलं पाहिजे, एवढीच अट. पण रेघ केसभर सरकली की देव विचारात पडल्यासारखा दिसतो, आणि आणखी केसभर सरकली की उधारी मागायला आल्यासारखा.

आखणी दिवसाच्या उजेडात होते. बल्बाखाली काढलेला डोळा सकाळी खोटा वाटतो. म्हणून वंदना नऊच्या सुमारास बसायची आणि तीनच्या आसपास उठायची. शेअर बाजारही नेमका त्याच वेळात उघडा असतो. जगात अशा कितीतरी वेळा एकमेकींवर पडतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. त्या श्रावणात मात्र बिघडलं.

त्या वर्षी आमच्याकडे सगळ्यांना एकदम बाजार कळू लागला होता. मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत प्रयोगशाळेत होतो, निवृत्ती जवळ आली होती. कॅन्टीनमध्ये पहिल्या शिफ्टची माणसं मोबाईल आधी उघडत आणि डबा नंतर. कॉल, पुट, एक्स्पायरी हे शब्द लोक भाजीच्या भावासारखे बोलत. मला लहानपणीचा मटका आठवायचा. सायकलच्या दुकानामागे एक माणूस आकडे घ्यायचा आणि आमच्या आळीतले सज्जन तिकडे हवा भरायला म्हणून जायचे. पण मटकेवाल्यांची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चार आणे लावले तर चार आणेच जाणार हे त्यांना ठाऊक असायचं. कॅन्टीनमधल्या मंडळींना बाजार वर जाणार की खाली हे छातीठोक माहीत होतं. आपले किती जाऊ शकतात हे विचारलं की ती माझ्याकडे अपशकुनी म्हाताऱ्याकडे बघावं तसं बघत.

वंदनाला नाद लागला तो आखणीतून साठवलेल्या पैशांवर. साठ हजार होते. नवऱ्याचे नव्हेत, कारखान्याचे नव्हेत, तिचे. अनंतरावांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, हरकत घेतली नाही. तुझा पैसा, तुझं डोकं, एवढंच ते म्हणाले. रोह्याला एका हॉलमध्ये या विद्येचं एक दिवसाचं शिबिर होतं. तिला एकटीला जायचं नव्हतं, म्हणून मी सोबत गेलो.

व्यासपीठावर एक सर होते. कोकणातल्या दमट दुपारी कोट घालून उभा राहणारा माणूस एक तर नवरदेव असतो किंवा त्याला काहीतरी विकायचं असतं. सरांनी आधी आम्हाला डोळे मिटून आपली भावी मोटार बघायला सांगितली. मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. मला एसटी दिसली. मग पडद्यावर मेणबत्त्यांसारख्या लाल-हिरव्या आकृत्या आल्या आणि त्या सगळ्या, घडून गेल्यानंतर, सरांनी सांगितल्याप्रमाणेच वागलेल्या होत्या. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली. वंदना उठली. खात्यात साठ हजार असतील तर एका वेळी किती लावायचे, असं तिने विचारलं. सर हसले. मोठं स्वप्न बघणाऱ्याने छोटे प्रश्न विचारू नयेत, असं काहीतरी म्हणाले. टाळ्या पडल्या.

परतीची गाडी जवळजवळ रिकामी होती. कासू स्टेशनात ती उगाच बराच वेळ थांबली. बाहेर खाजणातल्या पाण्यावर ढग उतरले होते आणि एक बगळा त्या सगळ्या विस्तारात एकाच जागी एकाच माशाचा विचार करत उभा होता. वंदना खिडकीतून बघत होती.

"दादा, त्यांनी सांगितलंच नाय ना?" ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही सांगितलं. पण तेवढ्यावर सोडून दिलं. तीही सोडून देईल असं वाटलं.

तिने सोडलं नाही, आणि सुरुवातीला तिचं चुकलंही नाही. उलट एक गोष्ट तिला बाकीच्यांपेक्षा लवकर कळली होती. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा, ठरलेल्या मुदतीपुरता विकत घेतलेला हक्क. मुदत जवळ येते तशी त्याची किंमत विरघळत जाते आणि मुदत संपली की कागदाचीही राहत नाही. कॅन्टीनमधल्या पदवीधरांना हे शिकायला महिने लागले. वंदनाला एका वाक्यात पटलं, कारण चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी न विकल्या गेलेल्या मूर्तीची किंमत काय असते हे हमरापुरात सांगावं लागत नाही. वेळ तिला कळत होती. आकार कळत नव्हता. किंबहुना कारखान्यातल्या सवयीने तिला आकाराबद्दल उलटंच शिकवलं होतं. तिथे मूर्ती जेवढी मोठी तेवढा पदरात पडणारा नफा जास्त. एक मंडळाची मूर्ती शंभर घरगुती मूर्तींचं काम करून जाते. पण मंडळाची मूर्ती आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय कोणी हातात घेत नाही, हा भाग मोबाईलवर सांगणारं कोणी नव्हतं. एका लॉटमध्ये, म्हणजे बाजाराने ठरवलेल्या एका गठ्ठ्यात, थोडं मिळालं की तिने दोन घेतले. दोनात मिळालं की चार.

तो दिवस श्रावणातला, बहुधा सोमवार. मी नागपंचमीचे पातोळे द्यायला गेलो होतो. शेडमध्ये प्लास्टिकवर पाऊस वाजत होता आणि नुकते डोळे आलेले वीस गणपती फळीवर ओळीने बसले होते. वंदनाच्या सासूबाई काठी टेकत त्यांच्यासमोरून हळूहळू चालल्या होत्या. त्यांनी उभ्या आयुष्यात इतके गणपती पाहिलेत की त्या देवाला नमस्कार करण्याआधी त्याची तपासणी करतात. त्या थांबल्या, मागे आल्या, परत पुढे गेल्या.

"गो वंदना," त्या म्हणाल्या, "ह्यो माझ्याकडं बघत नाय."

मग पुढच्याकडे गेल्या. तोही बघत नव्हता. त्याच्या पुढचाही नाही. विसाच्या विसांचे डोळे किंचित डावीकडे वळलेले होते. अनंतराव रांगेसमोर उभे राहून हळूहळू बाजूला सरकत गेले, आणि एका जागी आल्यावर सगळे देव एकदम त्यांच्याकडे बघू लागले. तिथे एक प्लास्टिकचं स्टूल होतं. स्टुलावर वंदनाचा मोबाईल उभा करून ठेवला होता.

"सगळे देव भाव बघतायत," अनंतराव म्हणाले.

मला हसू आलं, आणि त्याच क्षणी वंदनाचा चेहरा दिसला म्हणून ते आतच राहिलं. तिचे चार लॉट सकाळपासून खाली चालले होते. कुंचला मूर्तीवर आणि जीव स्टुलावर, असे तिने चाळीस डोळे काढले होते. ज्या बाजूला ती बघत होती त्याच बाजूला देव बघू लागले. संध्याकाळपर्यंत खात्यातले तीस हजार गेले. निम्मे.

सासूबाई ओरडल्या नाहीत. चतुर्थीला जेमतेम महिना उरला असताना नवी आखणीवाली मिळत नाही हे त्यांना कळत होतं. त्या फक्त म्हणाल्या की ह्या घरात एक तर कुंचला राहील नाहीतर मोबाईल, दोन्ही नाय. अनंतरावांनी मान डोलावली. वंदनाने स्टुलावरचा मोबाईल पालथा केला. मला माहीत होतं की तिला तोट्याचं एवढं लागलं नव्हतं. आखणीचे बाकीचे पैसे घरात विरघळून जात. या खात्यात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या डोक्याने घेतलेला निर्णय होता, आणि तो तिला असा, वीस साक्षीदारांसमोर, टाकून द्यायचा नव्हता.

त्या विसांपैकी अठरांचे डोळे पुसून पुन्हा काढले. दोन राहिले होते, तेवढ्यात रोह्याचं एक जोडपं मूर्ती पसंत करायला आलं आणि बाईंनी नेमका त्यांतला एक उचलला. अनंतरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ह्याची नजर बाजूला आहे. बाई म्हणाल्या, आमच्याकडे मखर कोपऱ्यात असतं, सरळ बघणारा गणपती सगळे दिवस कपाटाकडे बघत बसतो. हा बरोबर माणसांकडे बघेल. ते घेऊन गेले. दोष कशाला म्हणायचं हे शेवटी मखर कुठे आहे त्यावर असतं. अर्थात उरलेल्या एकोणिसांना तसं गिऱ्हाईक मिळालं नसतं, हेही खरं.

पुढच्या रविवारी वंदना रामवाडीला आली. मी वाचलेलं तिला सांगितलं. निम्मं भांडवल गेलं की परत मूळ जागी यायला उरलेलं दुप्पट करावं लागतं. दहावा हिस्सा गेला तर मात्र थोडक्या कमाईत भरून निघतो. म्हणून जाणती माणसं एका सौद्यात खात्याच्या शंभरातले एखाद-दोन रुपयेच पणाला लावतात. लागोपाठ पाच-सहा वेळा चुकलं तरी माणूस खेळात राहतो, आणि लागोपाठ चुकणं हे काही नशिबाचं वैर नसतं. ते होतच असतं. उरलेल्या तीस हजारांचे दोन टक्के सहाशे. आता सहाशेत काय येतं ते आम्ही बघू लागलो. ऑप्शनचा एक अख्खा लॉट त्यात बसेना. फ्युचर म्हणजे हक्क नव्हे, बांधीलकीच, त्याचा तर विचारच नको; तिथे बाजार सकाळी शिंकला तरी सहाशे उडून जातात. लॉट तोडून अर्धा मिळत नाही. मोठ्या माणसाला दहाऐवजी नऊ लॉट घेता येतात. लहान माणसापुढे एक किंवा शून्य एवढाच पर्याय असतो.

"म्हणजे शास्त्र सांगतं, घरी बस," वंदना म्हणाली.

मी म्हटलं, पुष्कळदा तेच सांगतं. शिबिरवाल्यांचं पोट त्यावर चालत नाही, म्हणून ते सांगत नाहीत.

तिने आकडे पुन्हा एकदा मांडले. सहाशे म्हणजे तिच्या एका सकाळच्या आखणीचे पैसे होते. वीस मूर्ती. चाळीस डोळे. त्या दिवसापासून ती रुपयांत बोलेनाशी झाली. हा सौदा ऐंशी डोळ्यांचा आहे, नको. हा तीनशे डोळ्यांचा, शी. तीस हजार म्हटलं की नुसता आकडा असतो. दोन हजार डोळे म्हटलं की मान दुखते.

चाळीस डोळ्यांत बसणारा सौदा आम्ही दोघांनी मिळून शोधला, आणि त्यात माझ्या दोन चुका तिने काढल्या व तिची एक मी. एक ऑप्शन विकत घ्यायचा आणि त्याच वेळी त्याच्या पलीकडच्या भावाचा एक विकायचा. विकलेल्याचे पैसे विकत घेतलेल्याला लागतात, खर्च कमी होतो. नफ्यालाही छत येतं, पण जास्तीत जास्त किती जाणार हे सौदा करण्याआधीच ठरतं. सरांच्या मोटारीच्या स्वप्नात हे बसलं नसतं. यातून फार तर सायकल येते.

पण तिला एवढ्याने खात्री वाटेना. तिने स्वतःची एक परीक्षा काढली. कान तुटलेली एक मूर्ती कोपऱ्यात पडून होती. सौदा केला की ती आधी त्या मूर्तीवर एक डोळा काढायची. डोळा समोर बघत असेल तर आकार बरोबर. जरा जरी सरकला तर सौदा बंद. मी तिला सुचवलं होतं की आधी काही दिवस कागदावरच खोटे सौदे कर. तिने ऐकलं, केले, आणि सांगितलं की खोट्या सौद्याने हात हलतच नाही, मग त्यातलं यश काय चाटायचं?

परीक्षा मला आवडली, तरी माझी शंका मी बोलून दाखवली. न थरथरणारा हात हा काही शहाणपणाचा पुरावा नव्हे. त्या सरांचा हात कधीच थरथरला नसणार. वंदना म्हणाली, म्हणून तर आधी हिशेब आणि मग हात. हिशेबात बसलं आणि हात हलला तरी नाय. हात स्थिर आणि हिशेबात बसत नसलं तरी नाय. दोन्ही व्हय म्हणाले तरच. घरच्यांना तिने हेच सांगितलं, आणि सासूबाईंनी गणपतीपर्यंतची मुदत दिली. एक जरी देव वाकडा बघताना दिसला तर मोबाईल खाडीत. हे त्या गंमतीने बोलत नव्हत्या.

मग गणपतीआधीचे ते दिवस. ट्रक दारात, पेंढ्याचे ढीग, अंगभर रंग, कोणी धड जेवत नाही. त्यातल्या एका दुपारी बाजार कोसळला. मी तिथेच होतो, पेंढा भरायला मदत म्हणून गेलो होतो आणि मुख्यतः अडचण करत होतो. फवारा मारणारा कारागीर मोबाईल बघून म्हणाला, सगळं लाल झालंय. वंदनाचा सौदा चालू होता. अनंतराव फळीपाशी थांबले. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत आल्या. सगळ्यांचं लक्ष एका कुंचल्याच्या टोकावर होतं. वंदनाने मान वळवून भाव पाहिला.

"गेले चाळीस," ती म्हणाली.

आणि कुंचला रंगात बुडवून तिने पुढच्या मूर्तीच्या बुबुळाला हात घातला. आधी एक गोल, मग त्यात बारीकसा पांढरा ठिपका. मी त्या मूर्तीसमोर उभा होतो, आणि ठिपका पडला त्या क्षणी त्या देवाने माझ्याकडे असं सरळ पाहिलं की मला उगाचच शर्टाची बटणं नीट आहेत का ते बघावंसं वाटलं. सासूबाईंनी रांगेची तपासणी केली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्या पेंढा आणायला सांगून बाहेर गेल्या. खाडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या संध्याकाळी कॅन्टीनमधल्या तिघा-चौघांनी बाजाराला कायमचा रामराम केला, आणि तो करायला त्यांच्याकडे फारसं काही उरलंही नव्हतं. वंदनाचे चाळीस डोळे गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चाळीस काढले.

यानंतर ती श्रीमंत झाली असं सांगता आलं असतं तर लेख वाचायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. काही महिने मिळालं, काही महिने गेलं. पुढच्या दोन-अडीच वर्षांत खातं रांगत रांगत मूळ साठ हजारांच्या वर थोडं गेलं. त्यातलं बरंचसं आखणीतून भरलेलं होतं, हे ती लपवत नाही. मग नियम बदलले आणि लॉट मोठा झाला. लहान माणसांनी यात पडू नये म्हणून तो मोठा केला, असं सांगण्यात आलं. उंबरठा उंच केला की बुटकी माणसं आत येणार नाहीत, असा हा विचार. प्रत्यक्षात बरीच जण अडखळून आत पडली. वंदनाने हिशेब केला. नवा लॉट चाळीस डोळ्यांत बसेना. शंभरात बसेना. तिने सौदे थांबवले आणि खातं तसंच ठेवलं. मला वाटलं, हिरमुसली असेल. तिने सांगितलं की शून्य हाही आकारच आहे, आणि तो पेलायला सगळ्यात स्थिर हात लागतो. आखणीतून भरत भरत खातं दुप्पट झालं की पुन्हा बघू. तिच्या हिशेबाने अजून दोन-तीन गणपती.

गेल्या आठवड्यात हमरापूरला गेलो तर शेडमध्ये एक नवंच दृश्य. दुपारचं जेवण आटोपलेलं, उजेड मंदावलेला, आणि आजूबाजूच्या कारखान्यांतल्या सहा बाया गोणपाटावर बसलेल्या. सगळ्या आखणीवाल्या, प्रत्येकीच्या हातात मोबाईल. कोणाचा भाऊ, कोणाचा नवरा, कोणाचा कंपनीतला दीर बाजारात कमावतो म्हणून ऐकलेलं, आणि वंदनाला येतं हेही ऐकलेलं. त्यांच्या चारी बाजूंना बिनडोळ्यांचे गणपती शांतपणे बसले होते. वंदनाने कोणाला डोळे मिटायला सांगितलं नाही. तिने प्रत्येकीला विचारलं, तुझ्या एका दिवसाची आखणी किती? मग म्हणाली, पहिली गोष्ट, तेवढेच जाऊ द्यायचे. दुसरी गोष्ट, आजच्या घडीला तेवढ्यात बसणारा सौदा नाय. म्हणून आधी साठवायचं आणि तोवर शिकायचं.

एक बाई म्हणाली, म्हणजे मिळणार कधी? वंदना म्हणाली, ते माहीत नाय. जाणार किती ते माहीत हाय. थोडी चुळबूज झाली. एकीने मोबाईल पदराखाली घेतला, दुसरीला घरी भात लावायचा असल्याचं आठवलं. तासाभरात सगळ्या उठल्या आणि पुढच्या शनिवारी येतो म्हणाल्या.

काल शनिवार होता. मी मुद्दाम गेलो. गोणपाटावर दोघीच बसल्या होत्या. मी वंदनाला हळूच म्हटलं, चौघी गळाल्या की गं.

"चौघी वाचल्या," ती म्हणाली, आणि उरलेल्या दोघींना शिकवायला बसली.